हिरवा झोन, पिवळा झोन : नाशिक जिल्ह्यातल्या छोट्या शहराचा विकास आराखडा सुधारताना

निफाड, दिंडोरी, कळवण, देवळा, पेठ, सुरगाणा इथे नगर पंचायती आल्या, ओझर आणि पिंपळगाव बसवंतला नगर परिषदा झाल्या. ग्रामपंचायत गेली, पण शिवार होते तिथेच आहे. शहराच्या हद्दीत द्राक्षबागा, कांद्याचे वावर, मळ्यातल्या वस्त्या आणि गावठाणाबाहेर वाढलेली घरे शेजारी शेजारी उभी आहेत. शेती कुठे राहायची आणि घरे कुठे व्हायची, हे विकास आराखडा ठरवतो. लोक त्याला डीपी म्हणतात. हा लेख नव्याने निवडून आलेले नगरसेवक, वॉर्डातले कार्यकर्ते आणि ज्यांच्या गटावरून रेघ जाणार आहे अशा शेतकऱ्यांसाठी आहे.

आधी एक गैरसमज दूर करा

‘आपल्या शहराचे झोनिंगचे नियम बदलू’ असे म्हटले जाते, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक नकाशा, म्हणजे कोणता गट शेती विभागात आणि कोणता रहिवास विभागात. दुसरी नियमावली, म्हणजे त्या विभागात काय बांधता येते आणि किती.

नियमावली नगर पंचायत स्वतः लिहीत नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे सोडून राज्यभर एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. कार्यालयांत तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. तिच्यात बदल करण्याचा अधिकार शासनाचा. छोट्या शहरांतल्या रहिवास विभागात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा) १.१० हा तिथूनच आला आहे. शेती विभागात शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर जमीन आणि ०.०४ निर्देशांक ही अटही तिथलीच. ४,००० चौरस मीटरच्या शेतात १६० चौरस मीटरचे शेतघर होते. जमीन कितीही मोठी असली तरी ४०० चौरस मीटरच्या वर जाता येत नाही.

तुमच्या सभागृहाच्या हातात नकाशा आहे, म्हणून सगळी ताकद नकाशावर लावा. ‘आमच्याकडे शेतघराची मर्यादा वाढवा’ असा ठराव करून वर्षभर वाट पाहणारी सभागृहे असतात. तेवढ्या काळात नकाशाची मुदत निघून जाते.

कोणाकडे जायचे

जमीन नगर परिषद किंवा नगर पंचायतीच्या हद्दीत असेल, तर तीच नियोजन प्राधिकरण. हद्दीबाहेर नाशिक, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, निफाड, सिन्नर या तालुक्यांतली बरीच गावे नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहेत. उरलेल्या ग्रामीण भागात प्रादेशिक योजना (अनेक गावांसाठी मिळून केलेला आराखडा) चालते आणि परवानगीचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. नवीन नगर पंचायतीचा पहिला आराखडा मंजूर होईपर्यंत तिच्या हद्दीतही प्रादेशिक योजनेचेच झोन लागू राहतात. ‘डीपी झालेला नाही, म्हणजे झोनच नाही’ या समजुतीवर प्लॉट घेणाऱ्यांची फसगत इथेच होते.

गट कोणत्या झोनमध्ये आहे हे तोंडी विचारू नका. सातबारा आणि गट नकाशा जोडून झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. दाखला संबंधित प्राधिकरण किंवा नगर रचना शाखा देते. भाग नकाशात तुमच्या गटावर विभागाचा रंग, प्रस्तावित रस्ते आणि आरक्षण, म्हणजे शाळा-मैदानासारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, दिसते. पिवळा रंग रहिवास, हिरवा शेती, जांभळा उद्योग. एकाच गटात दोन रंग असू शकतात, म्हणून दाखल्यावर ‘अंशतः’ हा शब्द आहे का ते बघा.

दोन वाटा

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ मध्ये झोन बदलण्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली संपूर्ण आराखड्याच्या सुधारणेची. कलम ३८ प्रमाणे २० वर्षांतून किमान एकदा आराखडा सुधारावा लागतो, आणि त्यासाठी पहिल्या आराखड्याचीच सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. दुसरी कलम ३७ ची, किरकोळ फेरबदलाची. सर्वसाधारण सभेचा ठराव होतो, राजपत्रात सूचना निघते, हरकतींना एक महिना मिळतो, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना स्वतंत्र नोटीस जाते, सुनावणी होते आणि प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे जातो. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात हेच काम कलम २० खाली होते. कलम ३७ ची अट एकच, पण मोठी : फेरबदलाने आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये.

दुसरी वाट जवळची वाटते म्हणून तिच्यावर गर्दी होते. एकेका मालकाच्या अर्जावर एकेक गट हिरव्याचा पिवळा होत जातो. पाच वर्षांनी नकाशा पाहिला तर द्राक्षबागांच्या मध्ये पिवळे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याला रस्ता, पाण्याची लाइन, गटार आणि कचरागाडी हवी, आणि दोन ठिपक्यांमधल्या शेतकऱ्याला यांपैकी काहीच नको असते. शाळा, पाण्याची टाकी, अरुंद रस्ता अशा एखाद्या ठरावीक गरजेसाठी कलम ३७ योग्य आहे. घरांसाठी जमीन वाढवायची असेल तर कलम ३८ नेच जा. वेळ जास्त लागेल, पण सगळे शहर एकाच कागदावर दिसेल.

पहिला टप्पा : इरादा आणि चालू वापराचा नकाशा

सर्वसाधारण सभा आराखडा सुधारण्याचा इरादा जाहीर करणारा ठराव करते. तो राजपत्रात आणि वर्तमानपत्रात प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती मागवल्या जातात. मग नगर रचना अधिकारी नेमला जातो आणि सर्वेक्षण सुरू होते. कलम २५ प्रमाणे सहा महिन्यांत चालू जमीन वापराचा नकाशा तयार व्हायला हवा.

लोक जागे होतात ते प्रारूप आराखडा, म्हणजे आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर. खरे तर निम्मे काम या चालू वापराच्या नकाशातच ठरून जाते. यात तुमचा मळा ‘पडीक’ म्हणून गेला, तर पुढे त्यावर पिवळा रंग भरताना कोणाचाही हात अडखळत नाही. म्हणून इथे वेळ द्या.

सर्वेक्षण कोणत्या महिन्यात होते त्यावर बरेच अवलंबून असते. आपल्याकडे उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लागतो आणि एप्रिलपर्यंत निघतो. मे महिन्यात तेच वावर नांगरून मोकळे पडलेले असते, आणि ड्रोनच्या फोटोत ते माळरानासारखे दिसते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षबागही काही दिवस नुसत्या काड्या आणि तारांची दिसते. त्यामुळे मे महिन्याच्या एकाच फेरीवर नकाशा पक्का करू देऊ नका. नोव्हेंबर ते जानेवारीत प्रत्यक्ष फेरी मागा, आणि सातबाऱ्यावरच्या मागच्या तीन वर्षांच्या पीक नोंदी सोबत जोडायला लावा. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, न केलेल्या शेतकऱ्याचा तोटा इथे होतो : सातबाऱ्यावर पीकच नसते, आणि कागदावरून तो गट पडीक ठरतो. गावात दवंडी द्या, व्हॉट्सअॅपवर कळवा, पण सर्वेक्षणाच्या हंगामात पीक पाहणी झालीच पाहिजे.

नकाशाचा पाया भूमी अभिलेखाच्या गट नकाशांवर असतो. दोन गावांचे नकाशे शिवेवर एकमेकांना जुळत नाहीत, ही जुनी अडचण आहे. मध्ये फट राहते किंवा एक नकाशा दुसऱ्यावर चढतो. संगणकात ते ओढून-ताणून बसवले की रस्त्याची रेघ एखाद्याच्या विहिरीवरून जाते. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५ मीटर, म्हणजे पेनाची जाड रेघसुद्धा बांध ओलांडून जाते. वाद असलेल्या जागी टिप्पण, फाळणी आणि मोजणीची ‘क’ प्रत हे भूमी अभिलेखाचे मोजणीचे कागद काढून पडताळणी करायला लावा.

फेरी मारताना पुढच्या गोष्टी नकाशावर आहेत का ते एकेक करून बघा :

- शिवरस्ते, पाणंद रस्ते आणि गाडीवाटा. गाव नकाशावर त्या असतात, पण उपग्रहाच्या फोटोत झाडाझुडपांत लपतात.
- कालव्याच्या वितरिका आणि चाऱ्या, अगदी शेवटच्या शेतापर्यंतच्या.
- नाले, ओहोळ आणि पावसाळ्यातच वाहणाऱ्या घळी.
- विहिरी, शेततळी, कांदाचाळी, पॅकहाऊस, शीतगृहे.
- मळ्यातल्या वस्त्या. १५-२० घरांची वस्ती शेती विभागात गेली की पुढे घराच्या दुरुस्तीलाही अडचण येते.
- गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यांनी पाडलेल्या प्लॉटवरची घरे. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी २००१ च्या अधिनियमाखाली नियमित होऊ शकते, म्हणून ती लपवण्यात कोणाचाही फायदा नाही.

दुसरा टप्पा : घरांसाठी जमीन किती लागेल

हा हिशोब सोपा आहे आणि प्रत्येक नगरसेवकाने तो स्वतः करून बघावा.

समजा आज लोकसंख्या २२,००० आहे आणि २० वर्षांनी ३४,००० होईल असा अंदाज आहे. वाढीव लोक १२,०००. छोट्या शहरांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत विकसित क्षेत्रात हेक्टरी ७५ ते १२५ माणसे धरतात. १०० धरली तर १२० हेक्टर. यात घरांबरोबर रस्ते, शाळा, बाजार, उद्यानेही आली.

आता या १२० मधून वजाबाकी करा. मंजूर लेआउटमध्ये रिकामे पडलेले प्लॉट मोजा. ते ४० हेक्टर भरले, तर नवीन पिवळी जमीन ८० हेक्टरच हवी. ही वजाबाकी जवळपास नेहमीच राहून जाते, कारण रिकामे प्लॉट मोजायला पायी फिरावे लागते. दोन दिवस लागतात. फिरा.

लोकसंख्येचा अंदाज २०११ च्या जनगणनेवरून पुढे ताणलेला असेल, तर तो मालमत्ता कर आकारणीतली घरे, घरगुती वीज जोडण्या आणि मतदार यादी यांच्याशी ताडून बघा. तिन्ही आकडे एका दिशेला आणि अंदाज दुसऱ्या दिशेला असेल, तर अंदाज दुरुस्त करून घ्या.

जास्त पिवळे रंगवले तर बिघडते काय? भाव लगेच वाढतो, जमीन विकली जाते, लेआउट पडतो, खांब रोवले जातात आणि घरे मात्र येत नाहीत. पाटाखालचे वावर दहा-पंधरा वर्षे गाजर गवताखाली राहते. शेजारचा शेतकरी तण आणि डुकरांनी हैराण होतो, आणि नगर पंचायतीवर विखुरलेल्या चार घरांना दिवाबत्ती पुरवण्याचा बोजा पडतो. कमी रंगवले तर उलटे होते. घरांची गरज थांबत नाही, ती हिरव्या झोनमध्ये साठेखत आणि नोटरीवर दोन-दोन गुंठ्यांनी भागवली जाते. दोन्ही चुका शेतीच्याच मुळावर येतात.

त्याच आकड्यांवर पाण्याचा हिशोब करा. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. १२,००० माणसांना रोज १६.२ लाख लिटर लागतील. त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडेल, म्हणजे रोज जवळपास १३ लाख लिटर. हे पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार, ही दोन उत्तरे प्रारूप आराखड्याच्या अहवालात लेखी नसतील तर ती हरकतीतून मागा. मनमाड आणि येवल्यासारखी शहरे पालखेड कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, आपले साठे भरून घेतात, आणि आवर्तन लांबले की काय होते ते तिथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्याच कालव्यावर शेतीही अवलंबून आहे. पिवळा झोन वाढवणे म्हणजे त्या पाण्यातला एक वाटा शेतीकडून घरांकडे वळवणे. हे सभेत उघडपणे बोलले पाहिजे.

तिसरा टप्पा : पिवळा रंग कुठे

गावठाणाला लागून, चालत जाता येईल अशा अंतरात आधी जागा शोधा. पाण्याची लाइन आणि गटार तिथे स्वस्तात पोहोचते. पण लागून असणे एवढे एकच कारण पुरेसे नाही. माती बघा.

गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यातली खोल काळी जमीन शेतीला सोन्यासारखी आणि बांधकामाला त्रासाची. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर भिंतींना तिरप्या चिरा पडतात. शोषखड्डे तिथे चालत नाहीत. काळी माती पाणी जिरू देत नाही, पहिल्याच पावसाळ्यात खड्डा भरून वर येतो आणि मैला चारीत उतरतो. म्हणून शहराची वाढ मुरमाड, उंचवट्याच्या माळाकडे वळवणे शेतकऱ्याच्याही हिताचे आणि घर बांधणाऱ्याच्याही. एक सावधगिरी मात्र हवी : द्राक्षाला निचऱ्याची हलकी जमीन मानवते. दिंडोरीकडच्या चांगल्या बागा हलक्या जमिनीतही आहेत. ‘हलकी म्हणजे निरुपयोगी’ असे गृहीत धरू नका, तिथे आज काय उभे आहे ते बघा.

मग नकाशावर एकेक रेघ चढवत जा आणि प्रत्येक रेघेने जागा बाद करत या.

पुराची निळी रेषा, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा, म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये घरे होऊ शकत नाहीत. निळ्या-लाल रेषांच्या मध्ये जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवून बांधता येते. रेषा जलसंपदा विभाग आखून देतो. मोठ्या नदीच्या रेषा मिळतात, ओहोळांच्या नसतात. ओहोळाकाठी ज्यांचे वावर आहे अशा वयस्कर माणसांना विचारून पाणी कुठवर चढते ते नकाशावर टिपून ठेवा.

कालव्याचे लाभक्षेत्र. बारमाही भिजणारे गट शेवटपर्यंत हिरवे राहावेत, आणि जिथे इलाजच नाही तिथे जलसंपदा विभागाचे मत लेखी घ्यावे.

महामार्गाची इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, म्हणजे रस्त्यालगत बांधकामावर मर्यादा घालणाऱ्या रेषा. मुंबई-आग्रा किंवा पुणे महामार्गालगत लांबट पिवळा पट्टा ओढायचा मोह फार होतो. असा पट्टा म्हणजे दुकानांची एक रांग आणि मागे रस्ता नसलेली शेते. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेचा नाहरकत दाखला लागतो. ओझर आणि देवळालीच्या परिसरात विमानतळ व संरक्षण खात्याच्या मर्यादा आहेत. नांदूरमधमेश्वर अभयारण्याला २०२० मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आहे, त्याच्या भोवतालच्या गावांत वन विभागाला विचारल्याशिवाय रंग भरू नये.

आदिवासी खातेदाराची जमीन पिवळी झाली तरी ती विकायला मोकळी होत नाही. बिगर आदिवासीकडे हस्तांतरण जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे परवानगीशिवाय होत नाही. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या बाजूला झोन बदलाची कुजबूज सुरू झाली की दलाल आधी याच खातेदारांकडे जातात. नगरसेवकांनी वस्तीवर जाऊन हे समजावून सांगावे.

शेत आणि घर जिथे भिडतात

झोनची हद्द गटाच्या मधून तिरपी काढू नये. ती रस्ता, नाला किंवा गटाची हद्द धरून चालली पाहिजे. तिरप्या रेघेमुळे ७ आर पिवळे आणि ३१ आर हिरवे असे तुकडे पडतात, वाटणीत भाऊ भांडतात, आणि मोजणीवाल्यालाही ती रेघ जमिनीवर दाखवता येत नाही.

हद्दीवर रस्ता घेतला तर फवारणीचा प्रश्न थोडा हलका होतो. ऑक्टोबर छाटणीपासून फळ काढेपर्यंत बागेत ब्लोअर वारंवार फिरतो, बरेचदा पहाटे किंवा रात्री. औषधाचा तुषार वाऱ्याबरोबर गच्चीवरच्या कपड्यांवर जातो आणि तक्रार थेट पोलिसांत. दोष कोणाचाच नसतो, नकाशात मध्ये जागाच सोडलेली नसते. तोटा असा की हद्दीवरच्या रस्त्याला हिरव्या बाजूलाही दर्शनी भाग मिळतो, आणि तिथे ढाबे व गाळे उभे राहू लागतात. जिथे नगर पंचायतीकडे अतिक्रमण रोखण्याची ताकद नाही, तिथे रस्त्याऐवजी हद्दीवर नाल्याचा हरित पट्टा किंवा उद्यानाचे आरक्षण घेणे बरे.

लेआउटच्या पातळीवरही हे साधता येते. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ती विकसक सहसा कुठल्या तरी कोपऱ्यात, विकता न येणाऱ्या तुकड्यात दाखवतात. मंजुरी देतानाच ती शेताच्या बाजूला घ्यायला लावा. घरे आणि बागेच्या मध्ये तेवढे अंतर आपोआप पडते.

चाऱ्यांबाबत कडक राहा. एका लेआउटने चारी बुजवली की खालच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही. पुढची दोन वर्षे भांडण चालते आणि तोवर पीक गेलेले असते. आराखड्यावर चारी तिच्या रुंदीसह दाखवलेली असेल, तर मंजुरी देणाऱ्याला ती सोडायलाच लावावी लागते. पाणंद रस्त्यांचेही तसेच. ती वाट नकाशात नसेल तर लेआउटची भिंत तिच्यावर उभी राहते, आणि मागच्या शेतकऱ्याला मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागत बसावे लागते.

आरक्षणे टाकताना खातेदार बघा. ज्याच्याकडे एकूण २० गुंठेच आहेत त्याच्या सगळ्या गटावर क्रीडांगणाचे आरक्षण टाकणे हा अन्याय आहे, आणि तो टिकतही नाही. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. शहराच्या हाती मैदानही येत नाही आणि त्या माणसाची बारा वर्षे अडकलेली राहतात. आधी सरकारी आणि गायरान जागांची यादी काढा. नगर पंचायतीच्या उत्पन्नात जेवढे घेता येईल तेवढेच आरक्षण टाका.

चौथा टप्पा : प्रारूप प्रसिद्ध होते तेव्हा

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. हरकतींना सहसा ३० दिवस असतात, पण सूचनेवर छापलेली शेवटची तारीख हीच खरी. ती तारीख घराघरांत पोहोचवा. नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लावून काम होत नाही. गटांचे आकडे वाचता येतील इतक्या मोठ्या प्रती वॉर्डनिहाय शाळेत, सोसायटीच्या कार्यालयात, मारुतीच्या पारावर लावा. प्रत्येक नकाशाजवळ संध्याकाळी दोन तास समजावून सांगणारा माणूस बसवा.

‘आराखडा रद्द करा’ अशी हरकत वाया जाते. हरकत गटाची, रेघेची आणि पर्यायाची असावी. मजकूर साधारण असा :

‘मी गट क्र. … चा खातेदार आहे, क्षेत्र … हे. … आर. प्रारूप आराखड्यात माझ्या गटातून १२ मीटर रुंदीचा रस्ता प्रस्तावित आहे. त्यात विहीर आणि सुमारे … आर द्राक्षबाग जाते. याच रस्त्यासाठी उत्तरेकडील बांधालगत गाव नकाशावर गाडीवाट आहे. रस्ता त्या वाटेवर दोन्ही बाजूंनी सारखा रुंद करून घ्यावा. सोबत सातबारा, ८-अ, गट नकाशा, मोजणी प्रत व पीक नोंदी जोडल्या आहेत. मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी.’

दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन घरी ठेवा. जिथे दहा-बारा शेतकऱ्यांचा प्रश्न सारखा आहे तिथे सामाईक निवेदन द्याच, शिवाय प्रत्येकाने आपापल्या गटाची वेगळी हरकतही द्या. सुनावणीची नोटीस हरकतदाराच्या नावे निघते. सामाईक अर्जावर पहिल्याच सहीवाल्याला ती मिळते आणि बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

आराखडा तुमच्या बाजूने असेल तरी लेखी कळवा. ‘गट क्र. … हिरवा ठेवला आहे तो तसाच राहावा’ ही सूचनाही नोंदली जाते. समोरच्या बाजूने तो पिवळा करण्याचा अर्ज आला तर समितीसमोर दोन्ही कागद असतात.

पाचवा टप्पा : सुनावणी आणि शासन

हरकती नियोजन समितीपुढे जातात. समितीत प्राधिकरणाचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. सुनावणीत प्रत्येकाला काही मिनिटेच मिळतात. गट नकाशावर रंगीत पेनने आताची रेघ आणि सुचवलेली रेघ दाखवून न्या. त्या एका कागदाने जे काम होते ते भाषणाने होत नाही.

ज्या नगरसेवकाची किंवा त्याच्या घरच्यांची जमीन फेरबदलात येते, त्याने ती गोष्ट सभेत सांगावी आणि त्या विषयाच्या चर्चेतून व मतदानातून बाजूला राहावे. हे इतिवृत्तात लिहून घ्या. पुढे ठरावाला आव्हान मिळाले तर शहराचा आराखडा याच नोंदीवर वाचतो.

समितीचा अहवाल प्राधिकरणापुढे येतो, फेरबदल होतात, आणि आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो. शासन आराखडा जसाच्या तसा मंजूर करू शकते, किंवा त्यात बदल करू शकते. बदल मोठे असतील तर तेवढा भाग वगळून बाकीचा मंजूर होतो आणि वगळलेल्या भागावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. कार्यालयांत त्याला ‘ईपी’ (एक्सक्लुडेड पार्ट, वगळलेला भाग) म्हणतात. आराखडा मंजूर झाल्याच्या आनंदात ही दुसरी सूचना नजरेतून सुटते. मंजुरीची अधिसूचना आली की तिच्या परिशिष्टात आपला गट ‘ईपी’मध्ये आहे का ते त्याच दिवशी बघा.

रंग बदलल्यानंतर

गट पिवळा झाला म्हणजे उद्या पाया खोदता येतो असे नाही. मंजूर आराखड्यातल्या जमिनीला जमीन महसूल संहितेतल्या तरतुदींमुळे पूर्वीसारखी अकृषिक परवानगीची लांब फेरी करावी लागत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही यात सवलत आहे. तरी शासनाने ठरवलेली रक्कम महसूल खात्याकडे भरावी लागते. भोगवटादार वर्ग २ ची (परवानगीशिवाय हस्तांतरित करता न येणारी) जमीन असेल तर आधी त्याचा निर्णय लागतो. मग लेआउट किंवा बांधकाम परवानगी. अर्ज परिपूर्ण असूनही ६० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो, पण प्रस्ताव नियमावलीत बसत असेल तरच. बांधकाम प्रारंभाचा दाखला एक वर्षासाठी असतो, तो वेळेवर वाढवून घ्या.

घर किंवा प्लॉट घेणाऱ्याने मंजूर लेआउटचा नकाशा, झोन दाखला आणि सातबाऱ्यावरची ‘इतर हक्क’ ही नोंद एकत्र वाचावी. शहराच्या हद्दीबाहेरच्या हिरव्या झोनमध्ये तुकडेबंदी कायद्याचे प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा पाडता येत नाही) लागू असते, ते २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरले आहे. शिवाय शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. ‘लवकरच यलो होणार’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या प्लॉटचे पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे त्या फेरबदलाच्या राजपत्राची तारीख मागा. ती तारीख घेऊन नगर पंचायतीत जा, सूचना खरोखर निघाली आहे का आणि सुनावणी कुठवर आली आहे ते आवक-जावक नोंदीत बघून घ्या.